दोघांपुरती सोड्यांची खिचडी



आज मी तुमच्याशी सोड्यांच्या खिचडीबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी कित्येकजणी म्हणतील, "त्यात सांगायचं ते काय? आमच्या आजीपासून करीत आलो आहोत." खरं आहे. पनवेल, पेण, अलिबाग, रोहे या बाजूच्या कायस्थ प्रभू घरांत ही खिचडी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे, आणि आगरी-कोळी घरांत तर सुक्या मासळीशिवाय पावसाळा निघत नाही. पण माझा विषय नुसती खिचडी हा नाही. दोन माणसांपुरती खिचडी, हा आहे. अकराजणांची करणं सोपं असतं. दोघांची करायला मला नव्याने शिकावं लागलं, म्हणून हा प्रपंच.

आम्ही सुकापूरला राहतो. पनवेलहून माथेरानकडे जाणारा रस्ता धरला की हे गाव लागतं. गाढी नदी जवळून वाहते. या रस्त्याला पूर्वी भाताची शेतं होती. आता इमारती आहेत, आणि इमारतींत लहान लहान बिऱ्हाडं आहेत. कुठे नुकतं लग्न झालेलं जोडपं, दोघंही सकाळच्या लोकलने मुंबईला जाणारी. कुठे आमच्यासारखे दोघे, ज्यांची मुलं पुण्याला नाही तर परदेशी गेली. आणि कुठे कुठे एकच माणूस.

सासूबाई होत्या तेव्हा आमच्या घरी रोज अकरा पानं पडत. त्यांचं खिचडीचं एक पितळी पातेलं होतं. साडेपाच वाट्या तांदूळ त्यात आरामात शिजत. पुढे सासूबाई गेल्या, दीर वेगळे झाले, मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीला गेला. पातेलं मात्र तेच राहिलं. आणि मी काय केलं? खिचडी करायचंच सोडून दिलं. दोघांसाठी कुठे एवढा घाट घालायचा! आमटी-भात, नाहीतर चहा आणि पाव. तुम्हांला हसू येईल, पण चार वर्षं आमच्या घरी सोडे आले नव्हते.

एका आषाढात, बाहेर धो धो पाऊस चाललेला, हे म्हणाले, "आईची खिचडी खाऊन किती वर्षं झाली?" त्यांनी तक्रार केली नव्हती, नुसतं विचारलं होतं. ते मला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी मी सोडे आणले आणि अकराजणांच्या प्रमाणाला साडेपाचने भाग दिला. एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी, दोन बटाट्यांच्या फोडी. पातेलं मात्र तेच काढलं. खिचडी खाली लागली, वर तांदूळ कच्चा राहिला, बटाटा तर दाताखाली करकरला. हे काही न बोलता जेवले. त्यांनी काही बोलायला हवं होतं, असं मला वाटलं.

चूक कुठे झाली, ते मग मी शोधून काढलं. तांदूळ जेवढा पाणी पितो, ते तांदळाच्या मापाने असतं. पण वाफेत जे पाणी जातं, ते भांड्याच्या तोंडाच्या मापाने जातं. मोठ्या पातेल्यात साडेपाच वाट्या शिजताना अर्धी वाटी पाणी उडालं तर कळतही नाही. त्याच रुंद पातेल्यात एका वाटीची खिचडी ठेवा, तर तेवढीच अर्धी वाटी उडते, म्हणजे दोन वाट्यांतला चौथा हिस्सा गेला! शिवाय रुंद बुडावर तांदळाचा थर पातळ बसतो, तो लवकर करपतो. तेव्हा माणसं कमी झाली की आधी भांडं कमी करावं, मग प्रमाण. दोघांसाठी उभट, जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं लहान पातेलं घ्या. तांदूळ आणि पाणी मिळून ते निम्म्याहून थोडं अधिक भरावं.

बटाटा कच्चा राहिला त्याचं कारण निराळं. मी आमसुलं सुरुवातीलाच टाकली होती. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही. मोठ्या पातेल्यात खिचडी बराच वेळ शिजे, म्हणून ते खपून जाई. लहान भांड्यात वेळ थोडा मिळतो. आमसूल शेवटीच घालावं.

आता सोड्यांविषयी. सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. जवळा किंवा सुकट निराळी. ती बारीक असते आणि सालासकट वाळवतात. वाळवण्यातली युक्ती साधी आहे. मासळीतलं पाणी गेलं की ती नासवणारे जंतू वाढू शकत नाहीत. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला सरकारी बंदी असते. मासळीच्या विणीचा तो काळ. म्हणून जाणत्या बायका मे महिन्यातच सोडे, बोंबील, सुकट भरून ठेवतात.

बाजारात सोडे घेताना तीन गोष्टी बघाव्यात. रंग गुलाबीसर नारिंगी असावा. काळपट डाग पडलेले नकोत. एक सोडा वाकवून बघा. कडक असला पाहिजे. लिबलिबीत लागला तर त्याला ओल लागलेली आहे. आणि वास घ्या. समुद्राचा वास यावा, नाकाला झोंबणारा नव्हे. मासळीवाली मावशी रागावत नाही; बघून घेणारं गिऱ्हाईक तिला समजतं. सोडे महाग असतात, पण दोघांना एका वेळी मूठभरच लागतात. घरी आणल्यावर एक कडक ऊन दाखवावं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावेत. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत कपाटातली बरणी भरवशाची नाही.

आता कृती सांगते. कागद-पेन्सिल घ्या.

दोघांसाठी एक वाटी जुना कोलम तांदूळ. नवा घेतला तर गिचका होतो. पन्नास ग्रॅम सोडे, म्हणजे सुमारे एक मोठी मूठ. दोन मध्यम कांदे उभे चिरलेले. एका बटाट्याच्या मोठ्या फोडी. पाच-सहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेरभर आलं, एक हिरवी मिरची आणि थोडी कोथिंबीर यांचं वाटण. पाव चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, अर्धा चमचा गरम मसाला, चिमूटभर हिंग, दोन मोठे चमचे तेल, तीन आमसुलं, आणि वरून घालायला ओलं खोबरं.

तांदूळ धुऊन वीस मिनिटं निथळत ठेवा. सोडे दोन पाण्यांनी धुऊन पंधरा मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, अधिक नको. तासभर भिजले की सगळी चव पाण्यात उतरते. पाठीवरचा काळा दोरा राहिला असेल तर काढून टाका, मोठ्या सोड्याचे दोन तुकडे करा, आणि त्यांना हळद, तिखट, हिंग चोळून ठेवा. भिजवलेलं पाणी टाकून द्यावं, कारण त्यात वाळू आणि मीठ असतं.

तेल तापलं की कांदा घाला आणि तांबूस होईपर्यंत परता. इथे घाई करू नका. खिचडीचा रंग आणि गोडवा कांद्याचाच असतो. मग वाटण घालून कच्चा वास जाईपर्यंत परता. मग सोडे, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं. मग बटाटा, तांदूळ आणि गरम मसाला. तांदूळ हलक्या हाताने परता, दाणा मोडू देऊ नका. आता सव्वादोन वाट्या उकळतं पाणी ओता आणि मीठ घाला. पण आधी ते पाणी चाखा. सोड्यांत अंगचा खारटपणा असतो; मोजून मीठ घालणारी इथे फसते. पाणी वरणापेक्षा जरासंच खारट लागलं की पुरे.

उकळी आली, वरचं पाणी आटून तांदळाला भोकं पडू लागली, की आमसुलं खोचा, आच अगदी मंद करा, आणि झाकण ठेवून झाकणावर थोडं पाणी घाला. आपल्या आज्या हे का करीत, ठाऊक आहे ना? वर आलेली वाफ थंड झाकणाला लागून पुन्हा आत पडते. बारा मिनिटांनी आच बंद करा आणि आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका. मग खोबरं, कोथिंबीर, आणि हवं तर चमचाभर साजूक तूप. सोबत भाजलेला पापड आणि सोलकढी. दुसरं काही लागत नाही.

एका भांड्यात सगळं जेवण, आणि तेही घरात भरून ठेवलेल्या जिनसांतून, ही कल्पना आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यापासून घरोघर 'ट्यूना नूडल कॅसरोल' नावाचा पदार्थ होत आला आहे. ट्यूना म्हणजे आपला कुपा मासा, तो तिथे डब्यात बंद मिळतो. त्यात उकडलेल्या नूडल्स, मटार आणि आळंब्यांचं डब्यातलं दाट सूप मिसळतात, वर पावाचा चुरा पसरतात आणि भट्टीत भाजतात. तिथल्या कॅम्बेल कंपनीने हे सूप १९३४ साली बाजारात आणलं आणि या पदार्थाचं काम सोपं झालं. आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांसमोर येतो. तिकडे ते भाजायच्या भांड्याचं नाव, आणि भांड्यावरून पदार्थाचं. त्यांचा डब्यातला मासा तो आपला सोडा, त्यांच्या नूडल्स तो आपला तांदूळ. दमून घरी आलेल्या बाईची अडचण दोन्हीकडे सारखीच.

आता थोडं प्रकृतीविषयी. वय झालं, माणसं कमी झाली, की जेवणातून पहिल्यांदा प्रथिनं जातात. चहा-पाव, चहा-खारी, दूध-पोळी असं चालू होतं. पोट भरतं, पण हातापायांतली शक्ती जाते. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या बाईला सुमारे बेचाळीस ग्रॅम. सोड्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिनंच असतात. तेव्हा पन्नास ग्रॅम सोड्यांची खिचडी दोघांत वाटली, तर प्रत्येकाच्या पानात नुसत्या सोड्यांतून बारा ग्रॅमच्या वर प्रथिनं आली. मात्र ज्यांना कोळंबीने अंगावर गांधी येतात किंवा श्वास अडतो, त्यांनी सोड्यांना हातही लावू नये. वाळवल्याने तो दोष जात नाही. रक्तदाबवाल्यांनी मीठ जपून घालावं.

उरलेल्या खिचडीचंही सांगते. शिजवलेला भात बाहेर रात्रभर ठेवू नका. काही जंतूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात ती वाढीला लागतात. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून चांगली वाफ येईपर्यंत गरम करा, आणि संपवा. पण खरं सांगू? माप बरोबर घेतलं की उरतच नाही.

एक अडचण राहिली, वासाची. इमारतीत भिंतीला भिंत असते, आणि सुक्या मासळीचा वास सगळ्यांनाच रुचतो असं नाही. सोडे कोरडे भाजू नका, भिजवून घाला. वास पुष्कळ कमी होतो. खिडकी उघडी ठेवा आणि जिन्याकडचं दार बंद.

मी दार बंद ठेवलं होतं, तरी दुसऱ्या वेळी खिचडी झाली तेव्हा बेल वाजली. समोरच्या आजी दारात. मला वाटलं, आता तक्रार येणार. त्या म्हणाल्या, "सोडे का गं? आमच्या पेणच्या घरचा वास आला." दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, तेव्हापासून त्या एकट्याच. मी म्हटलं, "आजी, आत या, पान वाढते." त्यांनी आधी नाही म्हटलं, मग बसल्या. जेवताना मला म्हणाल्या, "एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाही गं." मला माझी ती चार वर्षं आठवली. मी तर एकटीही नव्हते.

म्हणून भगिनींनो, माझं सांगणं एवढंच. घरातली माणसं कमी झाली म्हणून जेवण कमी प्रतीचं करू नका. भांडं लहान घ्या, माप लहान घ्या, पण पदार्थ पुरा करा. जो उरला आहे, त्याचंही पोट आहे आणि जीभही. श्रावण लागायच्या आत एकदा ही खिचडी करून बघा. आणि शेजारी कोणी एकटं असेल, तर तांदूळ दीड वाटी घ्या, पाणी तीन वाट्यांवर थोडं, आणि सोडे मुठीवर आणखी थोडे.

ते पितळी पातेलं अजून माळ्यावर आहे. मुलं आली की काढते. एरवी आमचं लहान पातेलं बरं.