घास छोटा, वेळ मोठा

आज कोडिंग नाही, थोडं घरचं बोलतो.

गेल्या वर्षी माझ्या बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळायला लागलं. बारा दिवसांनी घरी सोडलं. मी पुण्याहून सांगलीला आलो आणि घरूनच काम सुरू केलं. इंजिनिअर माणूस, त्यामुळे आधी काय केलं? एक्सेल शीट! प्रोटीन किती, मीठ किती, फळं कुठली. शीट झकास झाली, पण एक रकाना राहूनच गेला: बाबांना नीट गिळता येतंय का?

दवाखान्यातून निघताना स्पीच थेरपिस्टने हे सगळं समजावलं होतं. खरं सांगू? मला वाटलं, या बोलणं सुधारायला आल्यात, जेवणाचं काय सांगतायत!

चौथ्या दिवशी मीटिंगला दहा मिनिटं होती. मी पटापट वरण-भात भरवला, वर भांडंभर पाणी पाजलं. ठसका लागला. पाठ चोळली आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसलो. दोन दिवसांनी ताप, छातीत घरघर. न्यूमोनिया. पुन्हा ॲडमिट. ती चूक माझी.

तेव्हा कळलं, की झटक्यानंतर गिळण्याचे स्नायूही मंदावतात. पाणी पातळ, ते घशात भर्रकन उतरतं. श्वासनलिका वेळेत झाकली गेली नाही, तर ते फुफ्फुसात जातं. म्हणून बऱ्याच पेशंटना घट्ट केलेलं पाणी देतात. आणि भीती ठसक्याचीच नाही. काहींना ठसका लागतच नाही, तरी अन्न चुकीच्या वाटेने जातं. आमच्या भाषेत, सिस्टीम बिघडलीये आणि लॉगमध्ये एररच नाही! म्हणून जेवताना आवाज ओला, घोगरा होतोय का, डोळ्यांतून पाणी येतंय का, धाप लागतेय का, हे बघायचं.

आता आमच्याकडे काय करतो? बाबांना खुर्चीत ताठ बसवतो, पाय जमिनीला टेकलेले. टीव्ही बंद, माझा फोन दुसऱ्या खोलीत. अर्धा चमचा घास, तोंडाच्या डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूने. घाटी वर जाऊन खाली आली, की मगच पुढचा. शेवटी उजव्या गालात काही साठलंय का ते बघतो आणि तोंड स्वच्छ करतो. जेवल्यावर अर्धा तास आडवं होऊ देत नाही.

पदार्थांचं म्हणाल, तर चिवडा, शेंगदाणे, भाकरीचा कोरडा तुकडा बंद. ताक-भातही बंद. मऊ आहे की, असं मलाही वाटायचं. पण त्यात पातळ ताक आणि शितं एकाच घासात येतात, ते सांभाळणं अवघड. त्याऐवजी घोटलेली मुगाची खिचडी, नाचणीची दाटसर खीर, कुस्करलेलं रताळं, घट्ट दही. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचा. लोणचं-पापड गेले, चवीला जिरं, लिंबू. पण आमचं प्रमाण उचलू नका. किती घट्ट, किती मऊ, हे तपासूनच ठरवतात.

एवढं करूनही बाबा दोन घासांवर तोंड मिटायचे. आम्हाला वाटलं, भूक मेली. एका रात्री ते तुटक तुटक म्हणाले, "डावा... हात... नको."

आयुष्यभर डाव्या हाताने घास घेतला नाही, आम्हालाही घेऊ दिला नाही. आता उजवा उचलत नाही, आणि मुलाकडून भरवून घ्यायचीही लाज. मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी आईनेच डाव्या हातात चमचा घेतला. निम्मी आमटी साडीवर. बाबा कितीतरी दिवसांनी हसले. मग मीही डाव्या हाताने जेवलो. त्या रात्री त्यांनी अर्धी वाटी खिचडी स्वतःच्या हाताने खाल्ली. चाळीस मिनिटं लागली. तेव्हापासून ती चाळीस मिनिटं माझ्या कॅलेंडरवर ब्लॉक आहेत.

तुमच्या घरी अशी वेळ आलीच, तर दवाखाना सोडण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: गिळण्याची तपासणी झाली का? आणि उत्तर लिहून घ्या. माझ्यासारखं कानाआड करू नका.

घट्ट केलेल्या चहाला बाबा अजून "खळ" म्हणतात. पण पितात.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.