सव्वीस अकरानंतरचा निर्णय



हे विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने उभे आहे. दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेडपासून लातूरपर्यंत गावोगावी झेंडावंदन होते, आणि त्यामागचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ तारखेला निजामाने हत्यार खाली ठेवले. ज्या कासिम रझवीने लातुरात वकिली केली, त्याच्या रझाकारांचा धुमाकूळ पाच दिवसांत संपला. ज्या मुलखाची मुक्ती अशी झाली, तिथल्या माणसाने एक प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे: निजामाला पाच दिवस पुरले, तर २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत १६६ माणसे मारणाऱ्यांच्या पाकिस्तानातील पाठीराख्यांवर सरकारने फौज का नाही पाठवली? हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. त्या दिवशी देशाचे गृहमंत्री चाकूरचे शिवराज पाटील होते, राज्याचे मुख्यमंत्री बाभळगावचे विलासराव देशमुख होते. दोघांनाही पद सोडावे लागले आणि ८ डिसेंबरला नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. देशभरच्या संतापाची झळ मराठवाड्याच्या दोन घरांनी सोसली. तरीही फौज न पाठवण्याचा दिल्लीचा तो निर्णय बरोबर होता, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

आधी हैदराबादकडेच नीट पाहू. फौज निघण्यापूर्वी तब्बल साडेनऊ महिने वाटाघाटी चालल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला, निरोप्यांच्या खेपा झाल्या, मसुदे बदलले, आणि सगळे मार्ग खुंटल्यावरच सरदार पटेलांनी लष्कराला हलवले. तोवर निजाम एकटा पडला होता. त्याच्या राज्याला समुद्र नव्हता, चारही बाजूंनी भारत होता, सुरक्षा परिषदेकडे केलेल्या तक्रारीतून त्याच्या हाती काही लागले नाही आणि जीनांचे ११ सप्टेंबरलाच निधन झाले होते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे तो जास्तीत जास्त काय करू शकेल, हे दिल्लीला आधीच ठाऊक होते. सोलापूर किंवा नागपूर एका रात्रीत बेचिराख करण्याचे साधन त्याच्याकडे नव्हते. आणि इतक्या अनुकूल परिस्थितीतही किंमत मोजावी लागलीच. कारवाईच्या दिवसांत आणि नंतर या मुलखात जी निरपराध माणसे मारली गेली, त्यांच्या हत्यांची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि आपल्या नांदेडचे नाव घेतले. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. हे बोलल्याने मुक्तिसंग्रामाचे मोल कमी होत नाही. ज्या लढाईला आपण सोपी म्हणतो, तीही आपल्याच गावांतून रक्त सांडत जाते, एवढेच त्यातून दिसते.

पाकिस्तानबाबत मात्र मे १९९८ नंतर गणित मुळातूनच बदलले. ११ आणि १३ मे रोजी पोखरणला आपण चाचण्या केल्या, २८ मे रोजी चगाईला पाकिस्तानने केल्या. अण्वस्त्र प्रथम वापरणार नाही, असे भारताने जाहीर केले. पाकिस्तानने तसे वचन कधी दिले नाही. उलट २०११ मध्ये त्याने ‘नस्र’ या साठेक किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. ते आत घुसणाऱ्या फौजेवर डागण्यासाठीच आहे, हे त्याने लपवलेले नाही. म्हणजे आपले रणगाडे नेमक्या कोणत्या गावापर्यंत गेले की समोरचा अण्वस्त्राला हात घालील, हे आपल्या सेनापतींना खात्रीने सांगता येत नाही. आणि ऐन लढाईत ते त्यांच्या सेनापतींनाही सांगता येईल असे नाही. अशा वेळी चुकीची किंमत काय, याचा अंदाज लातूर जिल्ह्याला इतरांपेक्षा अधिक यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे दगडामातीच्या भिंतींखाली गेली. पण त्या सकाळी सोलापूरचे दवाखाने उभे होते, रस्ते उघडे होते, लष्कर ढिगारे उपसायला येऊ शकले, साऱ्या जगातून तंबू आणि औषधे आली. अणुस्फोटात ज्या शहराने मदत पाठवायची तेच शहर नाहीसे होते आणि किरणोत्सर्गामुळे बाहेरचा डॉक्टर आत पाऊल टाकू शकत नाही. भारत-पाकिस्तान अणुयुद्धात पाच ते साडेबारा कोटी माणसे मरतील, असा अंदाज अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये मांडला. त्यातला सगळ्यात लहान आकडा धरला तरी तो किल्लारीच्या हजारो पट आहे.

२००८ मध्ये दिल्लीत नेमका काय विचार झाला, हे त्या वेळचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी २०१६ साली आलेल्या ‘चॉइसेस’ या पुस्तकात लिहिले आहे. त्यांचे स्वतःचे पहिले मत लष्करी प्रत्युत्तराच्या बाजूचे होते. म्हणजे निर्णय घेणाऱ्यांच्या मनात चीड नव्हती, असे कुणी समजू नये. पण प्रश्न आला तो आपल्या प्रतिहल्ल्यानंतरच्या दिवसांचा. लष्कर-ए-तैयबाच्या मुरीदकेतल्या ठाण्यावर किंवा ताबारेषेपलीकडच्या तळांवर बॉम्ब टाकले असते, तर पडले काय असते? पत्र्याची शेड, जी महिनाभरात पुन्हा उभी राहते. आणि उभे काय राहिले असते? सप्टेंबरमध्येच अध्यक्ष झालेल्या झरदारींचे सरकार बाजूला पडून सगळा पाकिस्तान आपल्या लष्करामागे एकवटला असता. त्या लष्कराला याहून मोठी देणगी दुसरी नव्हती. जगाने मुंबईचा गुन्हा विसरून ‘दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांचे भांडण’ मिटवायला धाव घेतली असती, आणि आरोपी व फिर्यादी एकाच बाकावर बसले असते. शिवाय जगभरची आर्थिक मंदी त्याच महिन्यांत सुरू होती, आणि युद्धाने आपल्या अर्थव्यवस्थेला आणखी फटका बसला असता.

फौज थांबवून मिळाले काय, याचा हिशेब मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. १० डिसेंबर २००८ ला, म्हणजे हल्ला संपून पंधरवडाही होण्याआधी, सुरक्षा परिषदेने लष्करशी जोडलेली जमात-उद-दावा आणि तिचा म्होरक्या हाफिज सईद यांना निर्बंधांच्या यादीत टाकले. फेब्रुवारी २००९ मध्ये कटाचा काही भाग आपल्या भूमीवर शिजल्याचे पाकिस्तान सरकारला कबूल करावे लागले. हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या आणि अमेरिकेत पकडलेल्या हेडलीला पस्तीस वर्षांची शिक्षा झाली, आणि २०१६ मध्ये त्याने व्हिडिओवरून मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली तेव्हा प्रश्न विचारायला सरकारी वकील उज्ज्वल निकम उभे होते. पण मला सर्वांत बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या जिल्ह्याचे वाटते. बीड जिल्ह्यातील गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी, म्हणजे अबू जुंदाल, औरंगाबादच्या शस्त्रसाठा प्रकरणात हवा होता. तो पळून पाकिस्तानात गेला आणि हल्ल्याच्या वेळी कराचीतल्या नियंत्रण कक्षात होता, असा त्याच्यावर आरोप आहे. पुढे तो पाकिस्तानी पासपोर्टवर सौदी अरेबियात पोचला. सौदी राजघराणे पाकिस्तानचे जुने मित्र. तरीही भारताने ओळखीचे पुरावे दिले, डीएनएचा अहवाल दिला, महिनोन्‌महिने पाठपुरावा केला, आणि जून २०१२ मध्ये सौदीने त्याला दिल्लीच्या विमानात बसवले. शस्त्रसाठा खटल्यात त्याला २०१६ मध्ये जन्मठेप झाली. कोणतेही लढाऊ विमान हे काम करू शकले नसते. रियाध आपले ऐकून घेते, कारण २००८ मध्ये आपण जगापुढे फिर्यादी म्हणूनच उभे राहिलो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की खरे सूत्रधार सुटले. हाफिज सईदला पाकिस्तानात शिक्षा झाली ती दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल, मुंबईच्या कटाबद्दल नाही. आणि तीही दहशतवादाचा पैसा रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय आर्थिक कृती दलाच्या (एफएटीएफ) करड्या यादीचा फास आवळल्यावर. हे खरे आहे, आणि त्या १६६ कुटुंबांना पुरा न्याय मिळालेला नाही. पण विमाने पाठवली असती तर ही माणसे हाती लागली असती, याचाही पुरावा कुणाकडे नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: २०१६ ची सर्जिकल स्ट्राइक, २०१९ चे बालाकोट आणि पहलगामच्या हल्ल्यानंतरचे मे २०२५ चे ऑपरेशन सिंदूर यांनी अण्वस्त्राच्या धाकाखालीही बळ वापरता येते हे दाखवले नाही का? दाखवले. मर्यादित बळाला जागा आहे, हे मीही मानतो. पण तिन्ही वेळा सरकारने काय केले तेही पाहा. २०१६ मध्ये कारवाई जाहीर करण्याआधी आपल्या लष्करी कारवाई महासंचालकांनी पलीकडच्या समपदस्थाला फोन करून कळवले. २०१९ मध्ये ही कारवाई लष्करी ठिकाणांवर नाही, असे पहिल्याच निवेदनात सांगितले. २०२५ मध्ये ७ मेच्या पहाटेच कारवाई मोजूनमापून केलेली आणि तणाव न वाढवणारी असल्याचे जाहीर झाले, १० मेच्या दुपारी तिकडून फोन आला आणि संध्याकाळी तोफा थांबल्या. मग सर्वपक्षीय सात शिष्टमंडळे जगभर गेली. त्यांतल्या दोहोंचे नेतृत्व सुप्रिया सुळे आणि श्रीकांत शिंदे करत होते. बळ वापरले तरी त्याचा शेवट बोलण्यातच करावा लागला. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची: २०१६ मध्ये जवान काही किलोमीटर गेले, २०१९ मध्ये विमाने गेली, २०२५ मध्ये क्षेपणास्त्रे आणि ड्रोन पाकिस्तानी पंजाबात खोलवर पोचले. प्रत्येक पायरी आधीपेक्षा वरची आहे, आणि वरच्या पायरीवर विचाराला मिळणारा वेळ कमी असतो.

बोलणे चालू ठेवणे म्हणजे नमते घेणे नव्हे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झाले, मुंबई झाली, बालाकोट झाले, तरी त्यात खंड पडला नाही. ज्या २०१९ च्या फेब्रुवारीत विमाने बालाकोटला गेली, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शीख यात्रेकरूंसाठी पाकिस्तानातल्या करतारपूरची वाट उघडली. तख्त सचखंड हजूर साहिबच्या या नगरीत त्या वाटेचे मोल वेगळे सांगायला नको. मे २०२५ मध्ये ती बंद झाली, आणि ती पुन्हा उघडेल तेव्हा तेही कुणाच्या तरी चिकाटीच्या बोलण्यामुळेच.

ते बोलणारे कोण असतील? लातूर पॅटर्नने डॉक्टर आणि इंजिनिअर घडवले, ही मोठीच कमाई आहे. पण ज्या मराठवाड्यात उर्दू पिढ्यान्‌पिढ्या घरात, कचेरीत आणि शाळेत बोलली गेली, तिथल्या मुलामुलींना लाहोर-कराचीची वर्तमानपत्रे मुळातून वाचणे अवघड जाऊ नये. परराष्ट्र सेवेची परीक्षा द्या. उर्दू शिका, चिनी शिका, अरबी शिका. आंतरराष्ट्रीय कायदा आणि अणुशास्त्र यांचा अभ्यास करा. अबू जुंदालची कागदपत्रे तयार करायला, रियाधमध्ये ती पटवून द्यायला आणि संकटाच्या रात्री पलीकडचा फोन उचलायला देशाला शिकलेली, थंड डोक्याची माणसे लागतात. त्यांतली काही या पदवीदान समारंभाच्या मंडपातून निघावीत, ही माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे.