फॉरमॅटला ‘हो’ म्हणण्याआधी



आज आम्ही तुमच्याशी कर्जाबद्दल बोलणार नाही, पापडाच्या ऑर्डरीबद्दलही नाही. आज बोलायचं आहे ग्रामसंघाच्या खोलीतल्या लॅपटॉपबद्दल. तुमच्यातल्या कितीतरी जणी म्हणतील, आम्हाला काय त्याचं, ते लिपिकाताई बघतात. आम्हीही असंच म्हणत होतो. गेल्या मार्चमध्ये ते आमच्या अंगाशी आलं, म्हणून सांगतो आहोत.

आमचा लॅपटॉप सहा वर्षांचा. इतका हळू झाला होता की चालू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप धुवावा, तेव्हा कुठे पडदा यायचा. कुणीतरी सांगितलं, नवा घेऊ नका, आतली जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. एसएसडी म्हणजे माहिती साठवायची नव्या पद्धतीची डिस्क. तिच्यात फिरणारी चकती नसते, म्हणून ती भराभर चालते. तालुक्याच्या दुकानदाराने लॅपटॉपच्या कंपनीची नाही, दुसऱ्याच कंपनीची, परवडणारी एसएसडी बसवली. वर्षभर लॅपटॉप अगदी झकास चालला. सतरा गटांची बचत, कर्ज, हप्ते, बैठकींच्या नोंदी, सगळं त्यात.

मार्चचा तिसरा आठवडा. चार गटांच्या कर्जाच्या फायली बँकेत जायच्या होत्या. बुधवारी संध्याकाळी लॅपटॉपच्या कंपनीचा निरोप पडद्यावर आला, की नवीन अपडेट आहे, आता करायचं का? लिपिकाताईंनी ‘हो’ दाबलं. लॅपटॉप बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला. मग निळा पडदा, वर रडका चेहरा, खाली इंग्रजी ओळ. दहा वेळा चालू केला, दहा वेळा तेच.

त्या रात्री लिपिकाताई जेवल्या नाहीत. सकाळपर्यंत गावभर झालं, की हिने कसलं तरी बटण दाबलं आणि सगळ्यांचे हिशेब उडवले. कुणी म्हणालं, दहावी शिकलेलीच्या हातात कशाला द्यायचं यंत्र? मैत्रिणींनो, हे बोलणाऱ्या बाहेरच्या नव्हत्या. आपल्याच होत्या. आम्हीही गप्प बसलो, हे आज कबूल करतो.

गुरुवारी लॅपटॉप घेऊन तालुक्याला गेलो. ज्याने डिस्क बसवली होती त्याचं दुकान बंद होतं, म्हणून दुसरीकडे गेलो. त्यांनी पडदा बघितला, लॅपटॉप उलटा केला, आणि म्हणाले, “बाहेरची डिस्क आहे. अपडेटनंतर ही चालत नाही. नवी घ्या, नाहीतर फॉरमॅट मारून देतो.” आम्ही विचारलं, “आमचे हिशेब?” ते म्हणाले, “ते जाणार.”

फॉरमॅट म्हणजे पाटी पुसून कोरी करणं. आमच्यातली एक ताई म्हणाली, करा बाबा काय ते, उद्या फायली द्यायच्या आहेत. पण अध्यक्षताईंनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि म्हणाल्या, “पुसायचंच आहे तर ते उद्याही पुसता येईल. आज नको.” त्या एका वाक्यावर आमचे हिशेब वाचले.

एका गटातल्या ताईंची मुलगी तंत्रनिकेतनात शिकते. रात्री तिला व्हिडिओ फोन लावला. आम्ही सगळ्याजणी एकदम बोलायला लागलो, लॅपटॉप मेला, डिस्क गेली. ती म्हणाली, “मावशी, आधी पडद्यावर काय लिहिलंय ते अक्षर न् अक्षर वाचा.” तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं. लिपिकाताईंनी वाचलं, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. म्हणजे, ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं तिच्यापर्यंत पोचता येत नाही. ती म्हणाली, “पोचता येत नाही, असं म्हणतोय. डिस्क मेली असं म्हणत नाही.”

मग तिने चालू करतानाच एक कळ दाबत राहायला सांगितली. आमच्या लॅपटॉपला ती एफ २ होती. कुठे एफ १०, कुठे डिलीट, कुठे एस्केप असते, कंपनीप्रमाणे बदलते. त्याने एक साधं पान उघडतं, त्याला बायॉस म्हणतात. त्या पानावर आमच्या एसएसडीचं नाव दिसत होतं. म्हणजे डिस्क जागेवर होती आणि यंत्राला दिसतही होती. पुढे साठवणुकीच्या भागात एक ओळ होती, तिथे आर, ए, आय, डी ही अक्षरं होती, म्हणजे ‘रेड’. ती म्हणाली, “डिस्क बसवणाऱ्याला विचारा, त्याने इथे काय ठेवलं होतं.” त्याला फोन लावला. तो लगेच म्हणाला, “मी एएचसीआयवर ठेवून विंडोज टाकलं होतं.” आधीचं काय होतं ते लिहून घेतलं, ती एक ओळ बदलली, जतन केलं, बाहेर आलो. लॅपटॉप सुरू झाला. सतरा गट जसेच्या तसे. सगळं मिळून पंधरा मिनिटं.

आता हे झालं कसं, ते समजून घेऊ. कारण समजलं की भीती जाते.

लॅपटॉपमध्ये विंडोज असतं, ते आपल्याला दिसतं. पण त्याच्याही खाली, यंत्राच्या अंगातच, एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. लॅपटॉप चालू झाला की पहिला तो जागा होतो, कीबोर्ड कुठे, डिस्क कुठे ते बघतो आणि मग विंडोजला उठवतो. बायॉस म्हणजे हेच. कंपनी अधूनमधून त्याची नवी आवृत्ती पाठवते. त्यातून सुरक्षेच्या फटी बुजतात, चुका दुरुस्त होतात. म्हणून अपडेट मुळातच वाईट, असं समजू नका.

पण अपडेट झाल्यावर काही वेळा सगळ्या सेटिंग कारखान्यातून आल्या तशा होतात. आपल्या स्वयंपाकघराचंच बघा. आपण डबे आपल्या सोयीने लावलेले. कुणी पाहुणी येऊन सगळे डबे पुन्हा दुकानातल्यासारखे मांडून गेली, तर आपला हात सवयीच्या जागी जातो आणि डाळ सापडत नाही. डाळ संपलेली नसते, डबा हललेला असतो. आमच्या लॅपटॉपची कारखान्यातली मांडणी ‘रेड’ होती. दुकानदाराने नवी डिस्क बसवताना ‘एएचसीआय’ केली आणि त्याप्रमाणे विंडोज टाकलं. डिस्कशी बोलायच्या या दोन पद्धती आहेत. अपडेटने पद्धत बदलली, विंडोज जुन्याच पद्धतीने हाका मारत राहिलं. दोष डिस्कचा नव्हता, आणि बटण दाबणाऱ्या बोटाचा तर नव्हताच.

दुसरी गोष्ट. एसएसडीच्या आतही तिचं स्वतःचं फर्मवेअर असतं. कधी अडचण तिथे असते. २०२४ मध्ये विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती आली, तेव्हा वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या एसएन७७० आणि एसएन५८० या जातींच्या २ टीबीच्या काही एसएसडी असलेले संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. डिस्क खराब नव्हत्या. संगणकाची किती मेमरी वापरायची, यावरून गफलत होती. कंपनीने डिस्कसाठी नवं फर्मवेअर दिलं, आणि ते टाकल्यावर प्रश्न सुटला. म्हणजे मोठ्या नावाच्या डिस्कलाही हे होतं. ‘बाहेरची आहे म्हणून चालत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. काय चालत नाही आणि का, ते विचारायचं.

तर तुमच्याकडे अपडेटनंतर लॅपटॉप अडला, तर हे या क्रमाने करा.

पहिलं, पडद्यावरची ओळ मोबाइलने टिपून घ्या. तिच्यातच निम्मं उत्तर असतं.

दुसरं, लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जरखेरीज जोडलेलं सगळं काढा, पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क. मग चालू करा. कधी यंत्र पेनड्राइव्हवरूनच सुरू व्हायला बघत असतं.

तिसरं, बायॉसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते बघा. दिसत असेल, तर बरीच आशा आहे. सुरू होण्याच्या यादीत आपली डिस्क आहे का, आणि साठवणुकीची पद्धत पूर्वीचीच आहे का, ते तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. फरक पडला नाही, तर ती होती तशी करा, मगच दुसरी.

चौथं, डिस्कचं नावच दिसत नसेल, तर घरी उघडू नका. माहितगार माणसाकडे न्या आणि समोर बसा. डिस्क सैल झाली आहे का, ते तो बघेल. ती काढून यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, मग आतली माहिती आहे की नाही ते कळतं. पण तिथे ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ किंवा ‘इनिशियलाइज करायची का’ असं विचारलं, तर नाही म्हणा. प्रश्न यंत्राने विचारला म्हणून हो म्हणायचं नसतं.

पाचवं, निळ्या पानावर ‘बिटलॉकर’ असं लिहून ४८ आकडी किल्ली मागितली, तर घाबरू नका. ते कुलूप आहे, चोराच्या हाती डिस्क लागली तरी त्याला वाचता येऊ नये म्हणून. फर्मवेअर बदललं की ते कधीकधी किल्ली मागतं. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला असेल, त्या खात्यात ती बहुतेक वेळा ठेवलेली असते, आणि मोबाइलवरूनही ते खातं उघडता येतं. पण खरी मेख इथे आहे. दुकानदाराने स्वतःच्या ई-मेलने लॅपटॉप चालू करून दिला असेल, तर किल्ली त्याच्या खात्यात! आपल्या तिजोरीची किल्ली परक्याच्या कनवटीला. म्हणून लॅपटॉप ग्रामसंघाच्या ई-मेलनेच चालू करून घ्या, आणि किल्ली कागदावर लिहून पेटीत ठेवा. ती कुठेच सापडली नाही, तर माहिती मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

हे झालं अडल्यावरचं. अडू नये म्हणून काय? फर्मवेअरचं अपडेट बैठकीच्या, फायली देण्याच्या आठवड्यात करायचं नाही. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली हवी, कारण अर्ध्यात वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला, तर यंत्रच निकामी होऊ शकतं. आधी बायॉसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, मग कुठला डबा हलला ते लगेच कळतं. बिटलॉकर चालू असेल, तर अपडेटपुरतं ते थांबवायचं. डिस्क घेताना पक्कं बिल घ्यायचं, त्यावर कंपनीचं आणि मॉडेलचं नाव लिहून घ्यायचं, आणि बसवताना काय बदललं ते दुकानदाराकडून कागदावर मागायचं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. आमच्याकडे हिशेबांची दुसरी प्रत नव्हती. लॅपटॉप आला तशा वह्या मागे पडल्या, दिवाळीनंतर एकही पान लिहिलं गेलं नव्हतं. त्या रात्री डिस्क खरंच मेली असती, तर कुणी किती हप्ते भरले, हे आठवणीवर सांगावं लागलं असतं. एखाद्या ताईने कोंबड्या विकून भरलेला हप्ता, आणि आपण म्हणायचं, दिसत नाही बाई. यंत्र सुरू झालं म्हणून आमची ही चूक झाकली गेली, इतकंच. आता मासिक बैठकीच्या दिवशी बाहेरच्या डिस्कवर एक प्रत घेतो, ती लगेच काढून अध्यक्षताईंच्या घरी ठेवतो. गटाचा महिन्याचा ताळेबंद छापून त्यावर सह्या घेतो.

पुढच्या बैठकीत आम्ही आणखी एक काम केलं. इतिवृत्तात लिहिलं, की लॅपटॉप बंद पडण्यात लिपिकाताईंची चूक नव्हती. ज्या बोलल्या होत्या, त्यांच्याही सह्या खाली आहेत. ही गोष्ट छोटी वाटेल, पण ती झाली नसती, तर लिपिकाताईंनी काम सोडलं असतं आणि दुसरी कुणी लॅपटॉपला हात लावायला धजली नसती. आता त्यांच्यासोबत आणखी दोघीजणी शिकतायत. मागच्या महिन्यात पुन्हा अपडेटचा निरोप आला. लिपिकाताईंनी तो तसाच ठेवला, बैठक उरकली, प्रत घेतली, फोटो काढले, चार्जर लावला, आणि मग स्वतःच ‘हो’ दाबलं. आम्ही सगळ्याजणी बघत उभ्या होतो. लॅपटॉप नीट सुरू झाला. त्या म्हणाल्या, “बसा आता, चहा ठेवते.”

मैत्रिणींनो, तुमच्या ग्रामसंघात उद्या एवढंच विचारा, की आपल्या हिशेबांची दुसरी प्रत कुठे आहे आणि लॅपटॉप कुणाच्या ई-मेलवर आहे? उत्तर आलं नाही, तर पुढच्या बैठकीचा पहिला विषय तोच घ्या.