जन्म इथला, दाखला कुठला?

(भोर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



भोर-वेल्ह्यातली माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटकातली माणसे पोटासाठी इकडे आली. दोघांच्याही मुलांना नोकरीचा अर्ज भरताना एकच तारीख आडवी येते : १३ ऑक्टोबर १९६७. महाराष्ट्रात ओबीसी दाखला हवा असेल, तर त्या दिवशी किंवा त्याआधी आपले घराणे या राज्यात राहत होते, हे दाखवावे लागते. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे.

समजा, एक अन्सारी कुटुंब १९९० साली इथे आले. मुलगी इथेच जन्मली, मराठी शाळेत शिकली. अन्सारी तिकडे ओबीसी, मोमीन इथे ओबीसी. तरी तलाठी किंवा पोलीस भरतीत ती खुल्या गटात. अधिवास दाखला मिळतो, पण तो जातीचा दाखला नव्हे.

केंद्राच्या नोकऱ्यांचे, म्हणजे रेल्वे, टपाल, सरकारी बँकांचे, तसे नाही. वडिलांचा मूळ राज्यातला जातीचा दाखला असेल, तर त्या आधारे मुलांना इथूनही केंद्रासाठीचा ओबीसी दाखला मिळू शकतो. म्हणून गावी जाल तेव्हा आधी वडिलांचा दाखला काढा.

मुंबईला गेलेल्या इथल्या घरांचा पुरावा इथेच आहे : गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर, तहसीलमधले कोतवाल बुक. आपली अडचण वेगळीच. जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. पिंजारी, तांबोळी, बागवान नाही. तेव्हा आजोबा, चुलत आजोबा, आत्या, ज्यांच्या नोंदीत जात आहे तो कागद शोधा.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या मुलाखतीत जात कोणी विचारत नाही, हे खरे. पण तिथवर नेणारी पदवी फीवर अडते, आणि फीची सवलत पुष्कळदा पुन्हा याच दाखल्यावर ठरते.

इथे जन्मून इथेच दहावी झालेल्या मुलांसाठी ही अट बदलावी, अशी आपली मागणी असायला हवी. आपला वाटा घटेल, ही इथल्या ओबीसींची भीती खोटी नाही. म्हणून त्यांच्याशी बोलूनच ती मांडू या.

तोवर एक काम करा. मूल आठवीत गेले की घरातले कागद एका फाईलीत लावा. भरतीची जाहिरात आल्यावर शोधायला वेळ उरत नाही.