बाटलीमागचा पांढरा कागद

दुपारची जेवणं आटोपली असतील. कुणी भांडी घासता घासता, कुणी अंगणात आमसुलं परतता परतता हा कार्यक्रम ऐकत असाल. मी आचऱ्याची. सध्या मुंबईत फोटोग्राफी शिकते, दुसऱ्या वर्षाला आहे. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते जुन्या धाटणीच्या जाहिरातींबद्दल, आणि अशी एक जाहिरात करताना माझ्याकडून झालेल्या चुकीबद्दल. चूक माझी होती, पण भुर्दंड माझ्या मावशीच्या बचत गटाला बसला. म्हणून ती इथे, आपल्या माणसांसमोर सांगते.

झालं असं. गेल्या वर्षी आम्हाला वर्गात एक काम मिळालं. आपल्या भागातली एक वस्तू घ्यायची आणि १९३० ते १९५० च्या काळात छापली असती तशी तिची जाहिरात करायची. फोटो स्टुडिओत काढायचा आणि मग संगणकावर त्याला जुनं रूप द्यायचं. मी मावशीच्या गटाचं कोकम सरबत निवडलं. गटात अकरा जणी आहेत. रातांबे फोडणं, बिया काढणं, सालींत साखर भरून बरण्या उन्हात ठेवणं, गाळणं, बाटल्या भरणं, सगळं त्याच करतात. मला वाटलं, घरचीच वस्तू आहे, काम सोपं जाईल.

आधी जुन्या जाहिराती पाहायला घेतल्या. मैत्रिणींनो, त्या पाहताना मला आजीच्या खोलीतली तसबीर आठवली, कमळात उभी असलेली लक्ष्मी. तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरी ती असेल. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीहून आणली. पुढे तो छापखाना लोणावळ्याजवळ गेला. या छपाईत चित्र दगडावर उतरवायचे आणि प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागायचा. एकाच कागदावर एकामागून एक दगडाचा ठसा घ्यायचा. एखादा दगड केसभर सरकला, तर ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जायचा. जुन्या चित्रांत अशी रंगाची किनार सुटलेली दिसते, ती यामुळे. देवादिकांच्या अशाच चित्रांखाली साबणवाले, औषधवाले आपलं नाव छापून कॅलेंडरं वाटू लागले. घराघरांत देवाबरोबर जाहिरातही भिंतीवर गेली.

सिनेमावाले दादासाहेब फाळके तुम्हाला माहीत आहेत. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी तेही फोटोग्राफी आणि छपाईच्या धंद्यात होते. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केलं होतं. आणि आपल्या जिल्ह्याचं सांगायचं, तर सावंतवाडीजवळच्या कोलगावात १८६७ साली जन्मलेले पंडित सातवळेकर. आपण त्यांना वेदांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. पण त्याआधी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले होते आणि चित्रकार, छायाचित्रकार म्हणून पोट भरत होते. हे वाचलं तेव्हा मला धीर आला. कोलगावचा मुलगा त्या काळी हा धंदा करू शकला, तर आचऱ्याच्या मुलीने का करू नये?

जुन्या जाहिरातींत आणखी एक गोष्ट दिसली. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. मराठी घरातली शिकलेली बाई, सिनेमाची नायिका, हसून साबणाची शिफारस करते, याचं तेव्हा केवढं अप्रूप असेल! मी पाहिलेल्या जाहिरातींत बाई पुष्कळ ठिकाणी होती. कधी साबण लावणारी, कधी चहा ओतणारी, कधी मुलाला बिस्किट देणारी. वस्तू वापरणारी बाई दिसायची. वस्तू बनवणारी बाई मला क्वचितच दिसली. मी ठरवलं, माझ्या जाहिरातीत बनवणारीचे हात असतील. मावशीचे.

ते हात मी गावी येऊन टिपले. पडवीत डावीकडून उजेड येतो तिथे मावशीला बसवलं, हातात तांब्या दिला, पेल्यात सरबत ओतायला सांगितलं. स्टुडिओत बाटलीवरचा दिवाही मग डावीकडूनच ठेवायचा, हे वहीत लिहून ठेवलं. दोन फोटो जोडायचे असतील तर उजेड एकाच बाजूचा हवा. नाहीतर सावल्या दोन दिशांना जातात आणि लबाडी लगेच कळते.

स्टुडिओत पहिल्याच दिवशी गाडं अडलं. बाटली सावंतवाडीच्या लाखकामाच्या पाटावर ठेवली, दिवे लावले, फोटो काढला, तर सरबत काळंकुट्ट! काकवीची बाटली म्हणून खपली असती. कोकमाचा पाक दाट असतो, उजेड त्यातून आरपार येत नाही. आमचे सर म्हणाले, “बाटलीच्या मागे पांढरा कागद लाव.” बाटलीपेक्षा जरा लहान कापलेला पांढरा पुठ्ठा बाटलीच्या पाठीमागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा, तिरका उभा करायचा. दिव्याचा उजेड त्याच्यावर आपटून बाटलीतून पुढे येतो. तसं केलं आणि सरबत आतून पेटल्यासारखं उजळलं. दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या केल्या, तेव्हा काचेच्या कडा रेखून काढल्यासारख्या दिसू लागल्या. बाटलीवरचे गार थेंब हवे होते. ते ग्लिसरीन आणि पाणी समसमान घेऊन फवारले, म्हणजे ओघळत नाहीत. दिव्यापुढे बटर पेपर ताणून लावला, चकाकी मऊ झाली. तो एक फोटो मिळवायला पूर्ण दिवस गेला.

मग संगणकावरचं काम. जुन्या छपाईसारखं दिसायचं तर रंग कमी करावे लागतात. मी पाचच ठेवले. काळ्याचा केला गडद तपकिरी. जुन्या मासिकातला फोटो भिंगातून पाहिलात तर सगळा ठिपक्यांचा दिसतो, तसे ठिपके आणले. लाल रंगाचा थर मुद्दाम केसभर बाजूला सरकवला, दगड सरकल्यासारखा. पिवळट कागदाचा पोत दिला. वळणदार अक्षरं बसवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण हात सुटला की सुटतो. लाल रंग ओढत ओढत मी अगदी जास्वंदीसारखा केला. मावशीच्या नखांतले कोकमाचे डाग, बोटांवरच्या चिरा, सगळं पुसून टाकलं. खाली ओळ घातली, ‘पित्तावर हमखास उपाय’. जुन्या जाहिरातींत असं असतंच ना! आणि कोपऱ्यात गोल शिक्का, ‘स्थापना १९३५’. गट सुरू झाला २०१२ साली. पण २०१२ चा शिक्का जुना कसा दिसणार?

मला गुण चांगले मिळाले. मावशीच्या मोबाइलवर फोटो पाठवला. ती म्हणाली, “हे हात कोणाचे गो?” मी म्हटलं, “तुझेच.” ती हसली, “माझे हात असे खय आसत?” आणि विषय तिथेच राहिला. पण गटातल्या एकीने तो फोटो पुढे पाठवला, तिथून आणखी कुठे कुठे गेला, आणि पुण्याच्या एका दुकानातून साठ बाटल्यांची मागणी आली. इतकी मोठी मागणी गटाला पहिल्यांदाच आली होती. दोन रात्री जागून बायकांनी खोकी भरली.

पंधरा दिवसांनी फोन आला. फोटोतलं सरबत लालभडक आणि बाटलीतलं काळपट. गिऱ्हाइकं म्हणतात, माल जुना आहे. आणि त्यांचं बोलणं चूक म्हणता येत नाही. कोकमाचा रंग उष्णतेने, उजेडाने उतरतो, त्यामुळे रंगावरूनच माणूस ताजेपणा जोखतो. मावशीचा माल ताजाच होता. दाट पाक तसाच दिसतो. पण फोटोने आधीच वेगळं सांगून ठेवलं होतं. एकेचाळीस बाटल्या परत आल्या. त्यातल्या चार फुटलेल्या. जाण्यायेण्याचं भाडं गटाच्या खिशातून गेलं.

गटाची बैठक झाली. मी सुट्टीला आले होते, मलाही बोलावलं. कुणी आवाज चढवला नाही, तेच मला जड गेलं. मावशीने फोटो पुढे ठेवला आणि त्या शिक्क्यावर बोट ठेवलं. “ह्या साल खयसून हाडलंस? १९३५ साली माझी आवस पण जन्माक इलेली नाय.” मी म्हटलं, ते नुसतं सजावटीसाठी आहे. ती म्हणाली, “आमचा सरबत खोटा नाय, फोटो खोटो. पण लोक खोटा कोणाक म्हणतले? आमकाच ना?”

मला उत्तर सुचलं नाही.

नंतर मी थोडं वाचलं, सरांना विचारलं. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कित्येक जणी मसाला, फणसपोळी, काजू, लोणची विकता, म्हणून हे नीट ऐका. जुन्या काळी एकाच बाटलीने दहा रोग बरे होतात असं छापायची पद्धत होती. त्याला आवर घालण्यासाठी १९५४ साली औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आला. कित्येक आजारांवरच्या उपायांची जाहिरात करायलाच त्यात बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दंड आहे, आणि मोबाइलवरून पाठवलेली जाहिरात ही जाहिरातच असते. कोकम पित्तावर चांगलं हे आपण घरात एकमेकींना सांगतो, ते वेगळं. बाटलीवर ‘हमखास उपाय’ छापणं वेगळं. खाण्याच्या वस्तूच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, हिरवी खूण हे सगळं लागतं. लेबल कितीही जुन्या वळणाचं करा, या गोष्टी झाकता येत नाहीत. माझ्या सुंदर जाहिरातीत नोंदणी क्रमांक वेलबुट्टीखाली गेला होता, हेही मला तेव्हाच कळलं.

मग मी जाहिरात पुन्हा केली. या वेळी कॉलेजसाठी नव्हे, गटासाठी. स्टुडिओही नव्हता. मावशीच्याच पडवीत, सकाळी नऊच्या उजेडात. बाटलीमागे पांढरा कागद लावला, तो हवाच. पण एक पांढरा कागद बाटलीच्या शेजारीही ठेवला आणि पहिला फोटो त्याच्यासकट काढला. संगणकावर आधी तो कागद पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवायचे, मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. बाटलीतला पाक दाट आहे तसा ठेवला. बाजूला एक पेला ठेवला, एक वाटी पाक आणि चार वाट्या पाणी. त्यात कोकमाचा खरा लाल रंग दिसतो, आणि गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर तोच दिसेल. संगणकावर रंग जुळवताना भरलेली बाटली शेजारी घेऊन बसले. पडद्यावर एकदा, बाटलीकडे एकदा.

ठिपके ठेवले, पिवळा कागद ठेवला, वळणदार अक्षरं ठेवली. ती जुनी वेशभूषा आहे. नाटकात नऊवारी नेसल्याने कुणी फसत नाही. शिक्क्यात लिहिलं, ‘२०१२ पासून’. पित्ताची ओळ काढून ‘आचऱ्याच्या अकरा जणींनी केलेलं’ अशी ओळ घातली. नोंदणी क्रमांक ठळक घेतला. आणि मावशीचे हात आहेत तसे ठेवले, डागांसकट. एक मामी म्हणाल्या, “डाग बघून लोकांक किळस येतली.” त्यावर बराच वाद झाला. शेवटी ठरलं, हात स्वच्छ धुतलेले दिसले पाहिजेत, नखं कापलेली दिसली पाहिजेत. पण कोकमाचा डाग धुऊन जात नाही हे कोकणात सगळ्यांना माहीत आहे. आणि जिथे माहीत नाही तिथे माहीत होऊ दे.

त्या पुण्याच्या दुकानदाराला मावशीने स्वतः फोन केला, चूक सांगितली, नवा फोटो पाठवला. साठ नाही, पण चोवीस बाटल्या त्याने घेतल्या. त्या परत आलेल्या नाहीत. आधीचं नुकसान अजून पूर्ण भरून निघालेलं नाही, हेही सांगते.

जाता जाता, ज्यांना आपल्या वस्तूचे फोटो मोबाइलवर काढायचे आहेत त्यांच्यासाठी थोडंसं. दुपारचं ऊन टाळा. खिडकीजवळ किंवा पडवीत, एका बाजूने उजेड येईल असं बसा आणि घरातला पिवळा बल्ब बंद करा. मोबाइल अगदी जवळ नेऊ नका, बाटली फुगीर दिसते. दोन पावलं मागे या आणि थोडं झूम करा. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. मोबाइलची काच पदराने पुसून घ्या, निम्मे धूसर फोटो तेवढ्याने सुधारतात. नंतर धूळ पुसा, वाकडं सरळ करा, मागचा पसारा काढा, जुना कागद द्या, हवं ते करा. फक्त वस्तूचा रंग, आकार, वजन आणि वय यांना हात लावू नका. फोटो झाला की वस्तू शेजारी ठेवा आणि घरातल्या ज्या माणसाने फोटो काढताना पाहिलं नाही त्याला विचारा, हे दोन्ही एकच वाटतं का?

मी आता मावशीलाच विचारते. ती चष्मा लावून बघते, आणि सहजासहजी हो म्हणत नाही.

सुट्टीत मी गावी असते. कुणाला फोटोचं काही विचारायचं असेल तर आपल्या रेडिओवर निरोप ठेवा. येताना बाटली घेऊन या, पांढरा कागद माझ्याकडे आहे. नमस्कार.