पाय घसरला की पायरी कलली?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रभाग समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही त्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



सकाळपासून बचत, कर्जफेड, लेखे यांवर बरंच बोलणं झालंय. मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मी शिडीवर बोलणार आहे. हसू नका, विषय आपलाच आहे.

आपल्या एका समूहाच्या डाळमिलच्या खोलीत माळा आहे. बारदाना, रिकामे डबे, जुना काटा सगळं त्या माळ्यावर. हंगामात एक काकू बारदाना काढायला शिडीवर चढल्या आणि तिसऱ्या पायरीवरून खाली आल्या. मनगट मोडलं. ऐन तुरीच्या हंगामात त्यांचे दीड महिने गेले. हे मी काकूंना विचारूनच सांगतेय. त्या इथेच बसल्यात.

त्या दिवशी आपण सगळ्या काय म्हणालो ते आठवा. "साडी खोचायला पाहिजे होती." "वयाप्रमाणे चढायचं ना." "घाई नडली." काकू स्वतःसुद्धा म्हणाल्या, "माझाच धांदरटपणा." आणि मी? मी महिन्याच्या अहवालात लिहिलं, "निष्काळजीपणामुळे पडल्या." शिडी मात्र होती तिथेच उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही.

मी समाजकार्य शिकलेली मुलगी. मला मशीनमधलं काही कळत नाही. पण आम्हाला शिकवलंय की अडचण आली की आधी जागेवर जाऊन बघायचं, मगच माणसाबद्दल बोलायचं. ते मी उशिरा केलं, पण केलं. शिवणवाल्या ताईंकडून टेप घेतली आणि शिडी मोजली.

शिडी 10 फुटांची, लोखंडी. माळा 8 फुटांवर. पायऱ्या चपट्या, 6 इंच रुंद, वेल्डिंगने पक्क्या केलेल्या. बनवणाऱ्याने शिडी बनवली तेव्हा खोली रिकामी होती. त्याने शिडीचा पाय भिंतीपासून साडेचार फुटांवर ठेवला आणि त्या तिरपेपणाला पायऱ्या सपाट बसवल्या. त्या दिवशी त्याचं काम बरोबरच होतं.

मग हंगाम आला. पोती आली. जमिनीवर जागा उरली नाही, म्हणून आपण शिडीचा पाय आत सरकवला, भिंतीपासून दोन फुटांवर. शिडी उभी झाली. पायऱ्या तर शिडीला चिकटलेल्या, त्याही शिडीबरोबर फिरल्या. मी टेप लावून बघितलं, पायरीची आपल्याकडची कड मागच्या कडेपेक्षा जवळपास दीड इंच खाली गेली होती. सहा इंचांच्या पायरीत दीड इंच उतार! पावसाळ्यात घराच्या ओट्याला एवढा उतार दिला तर आपण म्हातारीला त्यावर उभं राहू देणार नाही. आणि काकू त्यावर चप्पल घालून, एक हात माळ्याकडे करून उभ्या होत्या.

म्हणून मी विचारते, पाय घसरला की पायरी कलली?

एक गोष्ट लक्षात ठेवा. शिडी ज्या तिरपेपणासाठी बनवली त्यापेक्षा जास्त उभी केली, तर पायऱ्या आपल्याकडे कलतात आणि पाय मागे घसरतो. जास्त आडवी केली, तर पायऱ्या भिंतीकडे कलतात. मग पाय मागे घसरत नाही, पण सगळा भार चवड्यावर येतो. शिवाय जास्त तिरपी शिडी स्वतःच बुडातून सरकायला बघते. साध्या टेकवायच्या शिडीसाठी जगभर एक माप मानतात, उंची 4 फूट तर पाय 1 फूट लांब. म्हणजे 8 फुटांच्या माळ्याला 2 फूट. आता बघा गंमत. हंगामात आपण शिडी ठेवली ती जागा या मापाने बरोबर होती, पण पायऱ्या त्या जागेसाठी बनवलेल्याच नव्हत्या.

मग उपाय काय? मला तीन दिसतात, आणि तिन्ही सांगते, कारण प्रत्येकीची गरज वेगळी आहे.

पहिला उपाय आपल्या आज्यांचा. बांबूची शिडी, गोल दांडे. गोल दांड्याला पुढची कड नाही, मागची कड नाही. शिडी उभी करा की आडवी, दांडा गोलच. म्हणून तो कलत नाही. स्वस्त आहे, हलकी आहे. पण बराच वेळ उभं राहून काम करायचं असेल तर तळपायाला रुततो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

दुसरा उपाय, चपटी पायरी, पण शिडीची जागा कायमची ठरलेली. वर कडीला अडकवायची, खाली खूण करायची, तिथेच ठेवायची. ज्यांच्याकडे माळा एकच आणि जागा मोकळी, त्यांनी हाच उपाय करावा. सगळ्यात मजबूत आणि कमी खर्चाचा.

तिसरा उपाय, ज्यासाठी मी हा पुठ्ठ्याचा खेळणा घेऊन आलेय. शिडी कितीही तिरपी करा, पायरी सपाटच राहते.

हे कसं होतं? आपल्या घरातली जुनी बाज आठवा. चार बाजूंची चौकट असते. सांधे ढिले झाले की ती एका बाजूला कलते. पण कलली तरी समोरासमोरच्या बाजू एकमेकींना समांतरच राहतात. बाजेत हा दोष आहे. शिडीत हाच गुण करून घ्यायचा.

साध्या शिडीला डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन उभे पाइप असतात. या शिडीला प्रत्येक बाजूला दोन-दोन, एक आपल्याकडचा, एक भिंतीकडचा. एकूण चार. प्रत्येक पायरी या पाइपांना वेल्डिंगने नाही, बोल्टने जोडायची, म्हणजे सांधा फिरेल. अगदी खाली जमिनीवर एक जाड पाट, तोही तसाच चारही पाइपांना बोल्टने जोडलेला. आता शिडी पुढे-मागे करा. पाइप तिरपे होतात, पण प्रत्येक पायरी खालच्या पाटाला समांतर राहते. पाट जमिनीवर सपाट बसलाय, म्हणून सगळ्या पायऱ्या सपाट. बघा, मी हलवते. दिसतंय का मागच्या ओळीला?

हे काही नवीन नाही. किराणा दुकानात वर ताटल्या असलेलं काउंटरवरचं तराजू बघितलंय ना? ताटली खाली-वर होते, पण कलत नाही, साखर सांडत नाही. कारण आत हीच चौकट आहे. फ्रान्समधल्या रोबेरव्हाल नावाच्या गणितज्ञाने ते 1669 मध्ये मांडलं. बंदरात मोठ्या जहाजाच्या बाजूला शिडी लावतात, तिथेही हीच अडचण येते. भरती-ओहोटी झाली, माल चढला-उतरला की जहाज वर-खाली होतं आणि शिडीचा तिरपेपणा बदलतो. म्हणून तिथल्या काही शिड्यांना अशाच सपाट राहणाऱ्या पायऱ्या असतात. जहाजावरच्या माणसाला पायरी सपाट लागते, तशी डाळमिलमधल्या बाईलाही लागते.

आता सावधगिरीच्या गोष्टी. चांगलं तेवढंच सांगून निघून जाणं मला जमणार नाही.

एक, भोकं. पाइपांवरची भोकं एकसारख्या अंतरावर हवीत. एखादं इकडे-तिकडे झालं की सांधे अडकतात, नाहीतर एखादी पायरी वाकडी बसते. म्हणून कारागिराला सांगायचं, "दादा, पाइप एकत्र बांधून एकदमच भोकं पाडा." पायऱ्यांच्या बाजूच्या पट्ट्या आणि पाटाच्या पट्ट्याही तशाच.

दोन, बोल्ट. साधा नट हलून हलून सुटतो. न सुटणारा लॉक नट आणि वॉशर लागतो. जितके सांधे जास्त तितकी झीज जास्त. महिन्यातून एकदा प्रत्येक बोल्ट हाताने तपासायचा आणि नोंदवहीत लिहायचं. आपण रोकडवही लिहितो, तशी ही.

तीन, खालचा पाट. तुम्ही पायरीच्या अगदी कडेला पाय दिला, तर जमिनीवरचा जोरही पाटाच्या तेवढ्याच कडेला जातो. म्हणून पाट पायरीपेक्षा लांब हवा, दोन्हीकडे बाहेर आलेला, आणि खाली रबर. पाट आखूड ठेवला तर शिडी बुडातून उचलेल.

चार, बोटं. पुढच्या आणि मागच्या पाइपमधली फट शिडीच्या तिरपेपणाप्रमाणे कमी-जास्त होते. शिडी मिटवताना ती बंदच होते. उचलताना दोन्ही पाइपांच्या मध्ये बोट घालायचं नाही, आणि नेताना पट्ट्याने बांधूनच न्यायची. लेकरांना तर हात लावू द्यायचा नाही.

पाच, ही शिडी पायरी सपाट ठेवते, शिडीला जागेवर धरून ठेवत नाही. वर कडी किंवा दोरी बांधायचीच. पाय फार लांब ओढायचा नाही. विजेच्या तारेजवळ लोखंडी शिडी न्यायचीच नाही. आणि ओझं घेऊन चढायचं नाही. चढताना दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम शिडीवर पाहिजेत. डोक्यावर टोपलं धरलं की एक आधार गेलाच. माळ्यावर दोरी बांधा आणि बादलीने सामान ओढा.

मैत्रिणींनो, शिडी हे एक निमित्त आहे. आपल्या कामातल्या किती वस्तू आपल्याला न विचारता बनल्यात? शेडचा ओटा, मिरची कांडपाच्या मशीनची उंची, हापशाचा दांडा. मग कंबर दुखली, हात दुखला, पाय घसरला की आपण म्हणतो, "मलाच जमत नाही." कारागीर वाईट नसतो. त्याला माप मिळालं तसं त्याने बनवलं. आपण त्याला हंगामातली खोली दाखवलीच नाही, पोती कुठे असतात ते सांगितलं नाही. ते सांगायला आपण दुकानापर्यंत गेलोच नाही, घरातला कोणी पुरुष गेला. चढणार मात्र आपण.

म्हणून आज प्रभागसंघापुढे एक मागणी ठेवते. ज्या ज्या ग्रामसंघाकडे गोदाम, मिल किंवा मसाल्याचं युनिट आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला तीन मापं आणावीत. माळा किंवा स्लॅबची जमिनीपासूनची उंची. खोली रिकामी असताना शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब ठेवता येतो. आणि खोली भरलेली असताना किती. शेवटची दोन मापं सारखी असतील, तर पक्क्या पायऱ्यांची शिडी घ्या, उगाच खर्च नको. त्यांच्यात फूट-दोन फुटांचा फरक असेल, तर सपाट राहणाऱ्या पायऱ्यांची शिडी बनवायचा विचार करू. दोन कारागिरांकडून दरपत्रक घेऊ आणि नमुना एकच बनवून घेऊ. तो महिनाभर वापरून बघायचा. आवडला नाही तर तसं लिहायचं. मगच पुढचा ठराव.

पुठ्ठ्याचं खेळणं घरी बनवून बघा. 12 इंचांच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून दर 3 इंचांनी भोकं पाडा, तीन पुरेत. 4 इंचांच्या तीन छोट्या पट्ट्यांना प्रत्येकी दोन भोकं, एकमेकांपासून 2 इंचांवर. दोऱ्याची सैल गाठ मारून जोडा. सगळ्यात खालची छोटी पट्टी टेबलावर धरा आणि लांब पट्ट्या कलवा. पोरांनाही दाखवा, शाळेतली भूमिती कुठे कामाला येते ते कळेल.

शेवटी एकच. मी अहवालात लिहिलं होतं ना, "निष्काळजीपणामुळे"? ते वाक्य मी खोडलंय. त्या जागी लिहिलंय, "पायरी दीड इंच कलली होती." काकू, तुमचा धांदरटपणा नव्हता. आम्ही शिडी मोजली नव्हती.