शेतकऱ्याचा पोर आणि धान्याची बंदी

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



निवडणूक आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : "माणूस आपला आहे, शेतकऱ्याचा पोर आहे." खुर्चीवरच्या माणसाला पुन्हा निवडून द्यायचे की नाही, याचा निकाल आपण या एका वाक्यावर लावतो. म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या पोराचा हिशेब मांडणार आहोत. तो लांबचा आहे, तेव्हा आपली जात, गोत, पक्ष आड यायला नको.

जिमी कार्टर जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या खेड्यातले, भुईमुगाचे शेतकरी. नौदलात अधिकारी होते. 1953 साली वडील वारले तेव्हा नोकरी सोडून गावी आले आणि दुसऱ्याच वर्षी दुष्काळाने त्यांना झोडपले. म्हणजे कोरडे आभाळ त्यांनी पाहिलेले होते. (शेंगांचे गोदामही घरचेच होते, तेव्हा काट्याच्या दोन्ही बाजू त्यांना ठाऊक.) आधीच्या निक्सन आणि फोर्ड यांच्या काळात, 1973 आणि 1975 साली, शेतमालाच्या निर्यातीला अडसर घातला गेला होता. 1976 च्या प्रचारात कार्टरनी मक्याच्या मुलखात जाऊन शब्द दिला, हा प्रकार आपण कायमचा बंद करू.

ते अध्यक्ष झाले. त्याच 1977 साली कोलोरॅडोच्या कोरडवाहू भागात 'अमेरिकन ॲग्रिकल्चर मूव्हमेंट' उभी राहिली. मागणी कोणती? 1910 ते 1914 या काळात शेतकरी विकतो त्या मालाचा भाव आणि तो विकत घेतो त्या मालाचा भाव यांचे जे प्रमाण होते, ते आम्हाला परत द्या. आपल्या घामाच्या हिशेबाहून हे काही वेगळे नाही. फेब्रुवारी 1979 मध्ये ट्रॅक्टरांचे तांडे राजधानीत पोचले. पोलिसांनी त्यांना मैदानात कोंडून ठेवले. त्याच महिन्यात मोठा बर्फ पडला, शहर ठप्प झाले, तेव्हा डॉक्टर आणि परिचारिकांना रुग्णालयात पोचवायला हेच ट्रॅक्टर धावले. शहराने टाळ्या वाजवल्या. भाव मात्र मिळाला नाही.

मग 4 जानेवारी 1980 ची रात्र. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या होत्या. कार्टरनी जाहीर केले की कराराने बांधलेले 80 लाख टन सोडून रशियाला धान्य जाणार नाही. 1 कोटी 70 लाख टनांचा सौदा एका रात्रीत रद्द! चार वर्षांपूर्वीचा शब्दही त्याच्याबरोबर गेला.

देशासाठी झळ सोसायला शेतकरी मागे राहत नाही. त्याच 21 जानेवारीला आयोवा या मक्याच्या राज्यात पक्षांतर्गत मतदान झाले. एडवर्ड केनेडी बंदीच्या विरोधात होते, तरी जिंकले कार्टर. पण त्या झळेतून निष्पन्न काय झाले? अर्जेंटिनाने बंदीत सामील व्हायला नकार दिला आणि आपला मका नि ज्वारी रशियाला विकली. रशियाचे फारसे अडले नाही, अमेरिकेचे गिऱ्हाईक तेवढे तुटले. निर्यातदार कंपन्यांचे अडकलेले करार सरकारने स्वतःच्या अंगावर घेतले. शेतकऱ्याला तारण कर्जाचा दर थोडा वाढवून मिळाला.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेले आहोत, तेव्हा आकड्याशी बेइमानी करवत नाही. भाव पडले ते सगळे बंदीमुळेच, असे म्हणता येत नाही. 1980 च्या उन्हाळ्यात तिकडे दुष्काळ पडला आणि भाव वर चढले. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये बँकांचा व्याजदर 20 टक्क्यांवर गेला होता आणि डिझेल भडकले होते. नोव्हेंबरात रेगन यांना 489 प्रतिनिधी-मते, कार्टरना 49. इराणातले ओलीस आणि महागाई ही कारणे मोठी होतीच.

कार्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. 1978 साली इजिप्त आणि इस्राएल यांना त्यांनी एका टेबलाशी बसवले, हे लहान काम नाही. तरी आमचे मत स्पष्ट आहे. शेतकऱ्यापुरते पाहिले तर त्यांना दुसरी संधी देण्याजोगा कारभार नव्हता. शेतकऱ्याला दिलेला शब्द त्यांनी मोडला आणि ज्याच्या खळ्यावर बोजा पडणार होता त्याला आधी विचारलेही नाही.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. रेगननी एप्रिल 1981 मध्ये बंदी उठवली. बरोबरीचा भाव? तो त्यांनी कबूलच केला नव्हता. पुढे कर्जापायी शेते लिलावात निघू लागली. 1984 ला आयोवाने त्यांनाच पुन्हा मते दिली आणि मार्च 1985 मध्ये शेतकऱ्यांच्या तातडीच्या कर्जमदतीचे विधेयक त्यांनी नाकारले. शेतकऱ्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती, तेवढीच पदरात पडली.

आता आपल्याकडे या. 5 मार्च 2012 ला दिल्लीने कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली, ओरड झाल्यावर आठवड्याभरात ती मागे घ्यावी लागली. ऑगस्ट 2025 मध्ये, कापूस वेचणीला यायच्या तोंडावर, 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. या दोन्ही वेळी सभागृहात शेतकऱ्यांचे पोर बसलेले होतेच.

यापुढे जो कोणी मत मागायला येईल, नवा असो की जुना, त्याला गावसभेत उभे करा आणि चार ओळी त्याच्या हाताने लिहून घ्या : निर्यातबंदी, आयात शुल्क, कर्ज आणि भाव. खाली सही. एक प्रत तालुका शाखेकडे द्या, एक गावात ठेवा. जुना उमेदवार असेल तर आधी त्याच्या गेल्या वेळच्या मतदानाची यादी वाचून दाखवा, मगच त्याच्या हातात पेन द्या.